कधीकाळी कारखानदार स्वतःहून यायचे, आता श्रीरामपूरनं उद्योगांना काय सांगून बोलवायचं?

जुलै 2025 मध्ये उद्योगविश्वात एक मोठी बातमी आली. टिळकनगर इंडस्ट्रीज या भारतीय कंपनीनं फ्रान्सच्या पेर्नो रिकारकडून 'इम्पिरियल ब्लू' हा व्हिस्कीचा ब्रँड विकत घेत असल्याचं जाहीर केलं. व्यवहार होता सुमारे 4,150 कोटी रुपयांचा. 'मॅन्शन हाऊस' ब्रँडी विकणारी ही कंपनी एका झटक्यात देशातल्या बड्या मद्य कंपन्यांच्या रांगेत जाऊन बसली.

बातम्या सगळ्या मुंबईच्या नावानं छापून आल्या. पण कंपनीचा नोंदणीकृत पत्ता काढून पाहिला तर तिथं लिहिलेलं असतं, टिळकनगर, तालुका श्रीरामपूर, जिल्हा अहिल्यानगर.

म्हणजे चार हजार कोटींचा सौदा करणारी कंपनी ज्या मातीत जन्मली, त्या गावाचं नाव बातमीत फारसं कुठं नव्हतं. श्रीरामपूरच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे. झहीर खान इथलाच. 2011 च्या वर्ल्ड कपमध्ये 21 विकेट काढून शाहिद आफ्रिदीसोबत सगळ्यात जास्त विकेट घेणाऱ्यांच्या यादीत बसलेला हा बॉलर श्रीरामपूरच्या शाळेत शिकला. पण त्याची ओळख मुंबईकर म्हणूनच झाली. 'शुगर किंग' म्हणून ओळखले गेलेले करमशीभाई सोमैया नगर जिल्ह्यातल्या मालुंजा गावात जन्मले. त्यांचं नाव आज मुंबईतल्या विद्याविहारच्या कॅम्पसमुळं लोकांना माहिती असतं.

इथं घडतं आणि नाव दुसरीकडं होतं. हे का होतं आणि उद्योगांना परत आपल्याकडं वळवायचं तर या शहराकडं दाखवण्यासारखं नेमकं काय आहे, हे समजून घ्यायचं तर सुरुवात रेल्वेपासून करावी लागते.

स्टेशन आधी आलं, शहर नंतर

दौंड ते मनमाड रेल्वे सुरू झाली 1878 साली. त्या काळात श्रीरामपूर नावाचं शहरच नव्हतं. या भागातलं नाव असलेलं गाव म्हणजे प्रवरेच्या काठावरचं बेलापूर. पण रेल्वेचा मार्ग बेलापूरपासून काही किलोमीटर लांबून गेला आणि तिथं उघड्या माळावर स्टेशन झालं. नाव मात्र बेलापूरचंच दिलं. स्टेशनच्या आजूबाजूला जी वस्ती वाढली तिला लोक बेलापूर रोड म्हणायला लागले. तीच वस्ती पुढं श्रीरामपूर झाली.

नुसत्या रेल्वेनं मात्र शहर वाढत नाही. हा पट्टा पर्जन्यछायेतला, दुष्काळाचा. दुसरी गोष्ट आली ती पाण्याची. अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदरा धरण बांधायला 1910 मध्ये सुरुवात झाली आणि 10 डिसेंबर 1926 ला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. म्हणून त्याला विल्सन डॅम म्हणतात. सुमारे 11 टीएमसीचं हे धरण. त्याचं पाणी ओझरच्या बंधाऱ्यातून प्रवरा डावा आणि उजवा अशा दोन कालव्यांनी खाली आलं आणि ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. सासवडकडचे माळी शेतकरी इथं आले, जमिनी खंडानं घेतल्या आणि बागायतीचं एक नवं तंत्र या भागात रुजवलं. श्रीरामपूरच्या मोठ्या कॉलेजला नाव आहे ते रावबहादूर नारायणराव बोरावके यांचं, ते याच परंपरेतले.

पाणी आणि रेल्वे एकाच जागी भेटल्यावर कारखानदारांना कुणी निमंत्रण द्यायची गरज राहिली नाही. 1920 च्या दशकात हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना धुराडं सोडायला लागला. आज हरेगाव मतमाउलीच्या यात्रेसाठी माहिती आहे, पण महाराष्ट्रातल्या आधुनिक साखर धंद्याचा पाया घालणाऱ्या कारखान्यांमध्ये इथल्या कारखान्याचं नाव घ्यावं लागतं. 1933 मध्ये महादेव डहाणूकर यांनी महाराष्ट्र शुगर मिल्स काढली. ती जिथं उभी राहिली ते टिळकनगर. साखरेबरोबर डिस्टिलरी आली, पुढं साखर मागं पडली, मद्य राहिलं, 1993 मध्ये नाव बदललं आणि तीच आजची टिळकनगर इंडस्ट्रीज.

आणि मग या सगळ्याला शेतकऱ्यांनी दिलेलं उत्तर म्हणजे लोणीचा सहकारी साखर कारखाना. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं 1948 मध्ये त्याची नोंदणी झाली, 1950 च्या अखेरीला गाळप सुरू झालं. लोणी आज राहाता तालुक्यात असलं तरी तेव्हा ते श्रीरामपूर तालुक्यात होतं. देशाला सहकारी साखर कारखानदारीचा नमुना देणारा कारखाना या तालुक्यात झाला, ही गोष्ट श्रीरामपूरकर सोडून फार कुणी सांगत नाही.

कारखान्यांचा पैसा गावात फिरायला लागला. गुळाची मोठी बाजारपेठ झाली. गुजराती, मारवाडी, सिंधी, पंजाबी व्यापारी आले आणि इथलेच झाले. जिल्ह्याच्या उत्तर भागातलं खरेदीचं गाव म्हणजे श्रीरामपूर, असं समीकरण बसलं. त्याची एक खूण आजही रस्त्यावर पळते. एमएच-17 हा आरटीओचा नंबर श्रीरामपूरचा. कोपरगाव, राहाता, संगमनेर, अकोल्याच्या गाड्यांवरही तोच असतो. म्हणजे शिर्डीत राहणाऱ्या माणसाच्या गाडीवर श्रीरामपूर लिहिलेलं असतं, फक्त आकड्यात.

मग गाडी अडली कुठं?

एका आकड्यावरून अंदाज येतो. 2001 च्या जनगणनेत श्रीरामपूर शहराची लोकसंख्या 81 हजारांच्या आसपास होती. 2011 मध्ये ती झाली सुमारे 89 हजार. दहा वर्षांत साधारण दहा टक्के वाढ. याच दहा वर्षांत महाराष्ट्राची शहरी लोकसंख्या जवळपास चोवीस टक्क्यांनी वाढली होती. शहराच्या हद्दीबाहेरच्या वस्त्या यात धरलेल्या नाहीत, हे खरं. पण तरीही राज्यातली शहरं फुगत असताना बाजारपेठ म्हणून नाव असलेलं गाव एवढं हळू वाढत असेल, तर त्याचा अर्थ पोरं शिकून पुण्याला जातायत आणि परत येत नाहीत.

पहिलं कारण, रस्ता. श्रीरामपूर रेल्वेनं घडवलं, पण मालवाहतूक रेल्वेवरून ट्रकवर गेली. आणि नगर-मनमाड महामार्ग श्रीरामपुरातून जात नाही. तो राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, शिर्डी असा जातो. रेल्वेनं जे बेलापूरचं केलं, तेच महामार्गानं श्रीरामपूरचं केलं. काही किलोमीटर बाजूला टाकलं. त्यात या महामार्गाची अवस्था हा वर्षानुवर्षं बातम्यांचा विषय आहे, त्यामुळं महामार्गापर्यंत पोचलं तरी सुटलो असं होत नाही.

दुसरं कारण जास्त गुंतागुंतीचं आहे, ते म्हणजे जमीन. खासगी साखर कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी खंडानं घेतल्या होत्या. 1961 चा कमाल जमीन धारणा कायदा आला आणि या जमिनी सरकारकडं गेल्या. त्या कसायला 1963 मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झालं. हरेगाव, टिळकनगर ही नावं त्यात ठळक. ज्यांनी जमिनी खंडानं दिल्या होत्या त्या खंडकरी शेतकऱ्यांनी मग त्या परत मिळवण्यासाठी लढा दिला. तो किती चालला? 2012 मध्ये जमीनवाटप सुरू झालं. म्हणजे आजोबांनी खंडानं दिलेली जमीन नातवाच्या नावावर आली. मधल्या काळात शहराच्या आजूबाजूची चांगली सपाट, पाण्याखालची जमीन ना शेतकऱ्याची होती ना उद्योगाची. शेती महामंडळही तोट्यात गेलं. हरेगावचा कारखाना बंद पडून कित्येक वर्षं झाली.

शेती महामंडळाच्या उरलेल्या जमिनींवर आता सरकारची नजर आहे आणि शेजारच्या राहाता तालुक्यात अशाच जमिनीवर शिर्डीसाठी औद्योगिक वसाहत करायचा निर्णय झाला. श्रीरामपूरकरांना हे लागतं. कारण शिर्डीला आधीच 1 ऑक्टोबर 2017 ला काकडीचं विमानतळ मिळालं, 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, आणि जून 2023 मध्ये अपर जिल्हाधिकारी कार्यालयही शिर्डीलाच मंजूर झालं.

जिल्हा झाला की उद्योग येतील का?

इथं श्रीरामपूरचा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय येतो. क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा आणि 14 तालुक्यांचा नगर जिल्हा विभागावा, आणि उत्तरेकडच्या नव्या जिल्ह्याचं मुख्यालय श्रीरामपूर करावं, ही मागणी कित्येक दशकांची आहे. त्यासाठी बंद झाले, मोर्चे झाले. अपर पोलीस अधीक्षक कार्यालय, आरटीओ इथं आहेतच, मग जिल्हा का नाही, हा युक्तिवाद. दावेदार तीन, श्रीरामपूर, संगमनेर आणि शिर्डी. 2023 चा निर्णय आल्यावर श्रीरामपुरात संताप झाला तो याचमुळं.

प्रशासनाच्या सोयीसाठी ही मागणी रास्तच आहे. अकोल्यातल्या माणसाला कलेक्टर कचेरीत जायला अख्खा दिवस मोडावा लागतो. पण जिल्हा झाला की आपोआप उद्योग येतील, असं जे गृहीत धरलं जातं त्याला आधार फार कमी आहे.

शेजारचीच उदाहरणं बघा. इचलकरंजी कधीच जिल्ह्याचं ठिकाण नव्हतं, आजही नाही, तरी यंत्रमागाच्या जोरावर तिला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. बारामती जिल्ह्याचं ठिकाण नाही. याच नगर जिल्ह्यातलं सुपा तर तालुक्याचंही ठिकाण नाही, तालुका पारनेर. पण सुप्याच्या एमआयडीसीत जपानी कंपन्यांसाठी वेगळा पट्टा राखला गेला आणि मिडियासारख्या एसी-फ्रीज बनवणाऱ्या कंपनीनं तिथं मोठा कारखाना टाकला. कारण सरळ आहे. सुपा नगर-पुणे रस्त्यावर आहे आणि तिथून रांजणगाव-चाकणचा औद्योगिक पट्टा हाकेच्या अंतरावर आहे.

तामिळनाडूतलं उदाहरण तर आणखी बोलकं. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीनं 2011 मध्ये तेनकाशीजवळ मथलमपराई नावाच्या गावात ऑफिस उघडलं. तेनकाशी जिल्हा झाला 2019 मध्ये. कंपनी आठ वर्षं आधी आली. तिला तिथली कलेक्टर कचेरी नको होती, तिथली पोरं हवी होती, ज्यांना चेन्नईला न जाता घराजवळ काम मिळालं असतं. त्यांना शिकवायची तयारी कंपनीनं स्वतः केली.

उद्योग येताना काय विचारतो?

कोणताही उद्योजक नवी जागा बघताना मोजके प्रश्न विचारतो. जमिनीचे कागद स्वच्छ आहेत का, वीज किती वेळा जाते, पाणी बारा महिने मिळेल का, ट्रक गेटपर्यंत येईल का, कामाला माणसं मिळतील का. त्यानंतर एक प्रश्न असतो जो मालकापेक्षा त्याचा मॅनेजर विचारतो. बायको-पोरं घेऊन इथं राहता येईल का? शहराच्या राहणीमानाचा मुद्दा इथं येतो आणि छोटी शहरं बहुतेकदा इथंच हरतात.

या प्रश्नाला उत्तर देणारं प्रगतिपुस्तकही छोट्या शहरांकडं नसतं. केंद्र सरकारनं राहण्यायोग्य शहरांचा जो निर्देशांक काढला, त्याच्या 2020 च्या आवृत्तीत 111 शहरं होती. त्यात पुणं वरच्या क्रमांकात होतं. श्रीरामपूरएवढ्या शहरांचा त्यात विषयच नव्हता. त्यामुळं अशा शहरानं आपली बाजू स्वतःच मांडावी लागते.

ती मांडायला श्रीरामपूरकडं बरंच काही आहे. रयत शिक्षण संस्थेचं बोरावके कॉलेज 1960 पासून सुरू आहे, कॉमर्सचं वेगळं कॉलेज आहे. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि लोणीचं मेडिकल कॉलेज या दोन्ही ठिकाणी रोज जाऊन-येऊन करता येतं. विमानतळ आणि समृद्धी साधारण तासाभराच्या अंतरावर. पुण्यात कामावर पोचायला जितका वेळ सिग्नलवर जातो तितक्यात श्रीरामपुरात माणूस घरी येऊन जेवून परत जातो. घरभाड्यातला फरक तर सांगायलाच नको.

माल म्हणाल तर ऊस, सोयाबीन, कांदा, डाळिंब आणि दूध. दुधात नगर जिल्हा राज्यात अव्वल समजला जातो. या पट्ट्यात साखर आणि अल्कोहोलचा धंदा करणाऱ्या तीन-चार पिढ्या झाल्यात. बॉयलर चालवणारा, डिस्टिलरी समजणारा, फॅब्रिकेशन करणारा कामगार आणि फोरमन इथं तयार मिळतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायच्या धोरणानंतर या कौशल्याला पुन्हा भाव आलाय. एखाद्या अन्नप्रक्रिया किंवा इथेनॉलच्या यंत्रसामग्रीच्या कंपनीला ही गोष्ट विमानतळापेक्षा जास्त कामाची आहे. ती कुठल्या माहितीपत्रकात सापडत नाही, हा भाग वेगळा.

पाण्याबद्दल मात्र खरं सांगावं लागेल. शहराचं पिण्याचं पाणी कालव्याचं. आवर्तन सुटलं की साठवण तलाव भरायचे आणि पुढच्या आवर्तनापर्यंत ते पुरवायचे. शिवाय 2005 च्या कायद्यानं समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व आलं, आणि पाऊस कमी झाला की वरच्या धरणांमधून जायकवाडीला पाणी सोडायचा वाद दरवेळी पेटतो. 'आमच्याकडं भरपूर पाणी आहे' हे वाक्य 1926 मध्ये चाललं असतं. आज भरपूर पाणी पिणारा उद्योग इथं बोलावणं म्हणजे शेतकऱ्याशी भांडण विकत घेणं. कमी पाण्यात चालणारे, पाणी फिरवून वापरणारे उद्योग निवडून बोलवावे लागतील.

बोलवायचं कुणी?

अमेरिका-युरोपात शहरांकडं उद्योग आणणारं वेगळं खातं असतं. शहराची माहिती तयार ठेवणं, कंपनीच्या माणसाला फिरवणं, परवानग्यांचा पाठपुरावा करणं, हे त्याचं काम. महाराष्ट्रात नगरपालिकेकडं असं खातं नाही. जमीन एमआयडीसीकडं, सवलती उद्योग विभागाकडं, मदत जिल्हा उद्योग केंद्राकडं, वीज महावितरणकडं, पाणी पाटबंधारे खात्याकडं. श्रीरामपूरलगत एमआयडीसी आहे, पण तिचा कारभार शहराच्या हातात नाही.

पैशाचा मुद्दा तर कुणी बोलतच नाही. पूर्वी गावात माल आला की नगरपालिकेला जकात मिळायची. धंदा वाढला की पालिकेची तिजोरी वाढायची, त्यामुळं व्यापारी टिकवण्यात पालिकेचा थेट फायदा होता. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली आणि बदल्यात सरकारी अनुदान सुरू झालं. पुढं जीएसटी आला, तो केंद्र आणि राज्याच्या खात्यात जातो. आता एखादा नवा कारखाना आला तर पालिकेला मिळून काय मिळतं? शहराच्या हद्दीत असेल तर घरपट्टी-पाणीपट्टी. मग पालिकेनं कंपन्यांच्या मागं का धावावं? त्यात डिसेंबर 2025 च्या निवडणुकांआधी राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांवर काही वर्षं प्रशासकच होते. प्रशासक गटारं आणि कचऱ्याचं बघतो, शहराची जाहिरात करायला तो नसतो.

त्यामुळं हे काम व्यापारी संघटना, कारखानदार, कॉलेजं आणि बाहेर गेलेल्या श्रीरामपूरकरांना एकत्र येऊन करावं लागेल. राज्य सरकार आता जिल्हावार गुंतवणूक परिषदा घेतं. तिथं जिल्ह्याच्या नावानं करार होतात आणि प्रकल्प सहसा सुप्याला किंवा नगरच्या एमआयडीसीत जातात. तिथं श्रीरामपूरची स्वतंत्र फाईल घेऊन कुणीतरी बसायला हवं. त्यात रिकाम्या प्लॉटची यादी, वीज उपकेंद्राची क्षमता, कालव्याच्या आवर्तनांचं वेळापत्रक, आयटीआयमधून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या पोरांची संख्या एवढं जरी असलं तरी पुष्कळ झालं.

मोठ्या मागण्यांमध्ये श्रीरामपूर-परळी रेल्वे आहे. नेवासा, शेवगाव, बीडकडं जाणारा हा मार्ग झाला तर श्रीरामपूर जंक्शनचं गाव होईल आणि मराठवाड्याचा माल इथून वळेल. तिला दिल्लीचा निर्णय आणि भरपूर पैसा लागतो. दौंड-मनमाड मार्गाचं दुहेरीकरण टप्प्याटप्प्यानं होत आलंय, त्याचा फायदा मात्र लगेच घेता येण्यासारखा आहे. रेल्वेनं माल पाठवणं परवडेल अशा उद्योगाला महामार्गापासून लांब असल्याचा त्रास निम्मा होतो.

आणि एक काम तर फुकटातलं आहे. बाहेरच्या एखाद्या कंपनीच्या माणसानं तिकिटाच्या ॲपवर श्रीरामपूर टाकलं, तर त्याला पश्चिम बंगालमधलं हावड्याजवळचं श्रीरामपूर स्टेशन दिसतं. आपल्या श्रीरामपूरला यायचं तर बेलापूर शोधावं लागतं. आणि बेलापूर म्हटलं की त्याला नवी मुंबई आठवते.